मधुकररावांचं आभारप्रदर्शन

आमच्या सेवादास लेआउटमध्ये कोणताही कार्यक्रम असो, शेवटी माइक मधुकरराव ठवकरांच्या हातात जातो. हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस आभार मानायला लागला की कोणाला ऐकत नाही. मंडपवाला, सतरंज्या अंथरणारे, चहा देणारे, वीज गेली नाही म्हणून वायरमन, कोणी सुटत नाही. एका शोकसभेत तर त्यांनी 'ज्यांच्यामुळे आज आपण सगळे एकत्र येऊ शकलो त्या दिवंगत नानांचे' मनःपूर्वक आभार मानले होते. नानांचा मुलगा रडता रडता थांबला, पण टाळ्या पडल्याच.

तर या मधुकररावांवर गेल्या वर्षी मोठी जबाबदारी येऊन पडली. लेआउटच्या तोंडाशी जुन्या जकात नाक्याची मोकळी जागा आहे. जकात बंद झाली, नाका पडला आणि तिथे भाजीवाल्या बसू लागल्या. मधुकररावांची धाकटी बहीण यमुताई त्यांतलीच. नवरा गेल्यावर तिने याच जागेवर वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकून दोन लेकरं शिकवली. आता जागा सरकारी, म्हणजे सगळ्यांची. आणि सगळ्यांची म्हटल्यावर तिथे सहा मजली पार्किंग आणि दुकानं करायचं ठरलं. एकदा ठरलं की मग लोकांचं मत विचारायची पद्धत आहे. ते विचारायला, म्हणजे सुनावणी घ्यायला, महापालिकेचे साहेब येणार होते.

भाजीवाल्यांचं मागणं फार नव्हतं. तळमजल्यावर बसायला ओटे द्या, एवढंच. पण माइकसमोर बोलणार कोण? यमुताई भावाकडे गेली. "दादा, तू बोलशीन नं? आमची तं जीभच टाळूले चिकटते." मधुकररावांनी शब्द दिला. सुनावणीपर्यंत ते रोज अंगणात फेऱ्या मारत 'आमची हरकत आहे' असं घोकायचे. मी कुंपणापलीकडून ऐकायचो. चांगलं म्हणत होते.

त्या दिवशी भाजीवाल्या दुकानं न लावता समाजभवनात पुढच्या रांगेत येऊन बसल्या. आधी दीपप्रज्वलन झालं. पंख्याने समई पुन्हा पुन्हा विझवली, पण साहेबांनी जिद्द सोडली नाही. मग साहेबांचा सत्कार, साहेबांच्या हस्ते ज्येष्ठ नागरिकांचा सत्कार आणि ज्येष्ठांनी आग्रहाने केलेला साहेबांच्या ड्रायव्हरचा सत्कार. शाल-श्रीफळातून मोकळे झाल्यावर साहेबांनी पडद्यावर नवी इमारत दाखवली. तिच्यासमोर गोरीपान माणसं हातात कॉफीचे पेले घेऊन फिरत होती. आमच्या लेआउटमधलं त्यात कोणीच ओळखू येईना. तेवढ्यात मागून मसालेभाताचा वास आला आणि सूत्रसंचालकाने घड्याळाकडे पाहिलं. वेळेअभावी नागरिकांचं मनोगत आभारातच घेऊ, असं जाहीर करून त्याने मधुकररावांना बोलावलं.

इथे मला त्यांची दया येते. माणूस खरोखर हरकत घ्यायला उठला होता. पण 'आता आभारप्रदर्शन' असं म्हणून माइक हातात आला आणि जित्याची खोड वर आली. साहेबांचे आभार झाले, मंडपवाल्याचे झाले, आचाऱ्याचे झाले. आभारांत हरकत नेमकी कुठे घालतात, हे त्यांना सापडेना आणि जीभ तर थांबेना. शेवटी म्हणाले, "आणि ही भव्य वास्तू आपल्या परिसराला दिल्याबद्दल समस्त नागरिकांच्या, विशेषतः भाजी विकणाऱ्या आमच्या भगिनींच्या वतीने, मी प्रशासनाचे ऋण व्यक्त करतो."

आभारानंतर टाळ्या वाजवायच्या असतात, म्हणून भाजीवाल्यांनीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात यमुताईने वाजवल्या. तिचा भाऊ बोलला होता.

जेवायला बसल्यावर तिने विचारलं, "आपलं म्हणणं कवा मांडलं गा, दादा?" मधुकरराव भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या कार्यालयात गेले. झालं ते चुकून झालं, म्हणाले. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि त्यांचंच भाषण मोबाइलवर ऐकवलं. इतका मनापासून पाठिंबा आपल्याला आजवर कुठेच मिळाला नव्हता, असंही सांगितलं. मधुकरराव उठताना चहाबद्दल आभार मानून आले. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं, तेव्हा मला इतका संताप आला की मी बरेच दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

दिवाळीनंतर जागेभोवती पत्रे लागले. यमुताई आता टोपली घेऊन बसने बुटीबोरीच्या बाजाराला जाते. संध्याकाळी परत येते तेव्हा तिचे पाय सुजलेले असतात. मधुकरराव रोज थांब्यावर उभे राहतात आणि टोपली घरापर्यंत आणून देतात. ती भावाला एका शब्दाने बोलली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागतं.

मागच्या महिन्यात भूमिपूजन ठरलं. आभारासाठी साहेबांच्या कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी मधुकररावांच्या ओसरीवरच होतो. "नाही," ते म्हणाले. "मी येणार नाही." पलीकडच्याने कारणही विचारलं नाही, बरं म्हणून फोन ठेवला. आभार मानणारे या शहरात काय कमी आहेत?

संध्याकाळी थांब्यावर बहीण बसमधून उतरली, तशी तिच्या हातातली टोपली घेता घेता त्यांनी तिला हे सांगितलं. तिला बरं वाटेल, अशी त्यांची कल्पना.

यमुताईने पदराने तोंड पुसलं. "आता कोणाले नाही म्हणून राहिला, दादा?" ती म्हणाली. "माह्यासाठी त्या दिवशी म्हणाचं होतं."