उजवी फळी

लहान भावानं नागपूरहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला, तेव्हा सारं आंधळगाव त्याला कम्प्युटर म्हणू लागलं. प्रत्यक्षात ते दोन गोल बटनं असलेलं खोकं होतं. काळ्या पडद्यावर दोन टोकांना दोन पांढऱ्या फळ्या, मधे ठिपक्याएवढा चेंडू. बटन फिरवलं की फळी वर-खाली सरकून चेंडू परतवायची. डावी फळी माझी, उजवी त्याची.

मामांचं तुमसरला रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. विजेचं अख्खं युग आपणच चालवतो अशा थाटात ते बोलत. "घाई केली भाच्या. सहा महिने थांबला असता, तं याच्यापरस भारी भेटलं असतं."

"तुमी थांबा मामाजी," भाऊ म्हणाला. "मी तवरक खेळून घेतो."

त्याच पावसाळ्यात तो तापानं गेला.

आमच्याकडे माणूस गेलं की वर्षश्राद्धापर्यंत घरात नवी वस्तू येत नाही. बादली फुटली तर डांबर लावून वापरायची. त्यामुळे खोक्याचं उजवं बटन बिघडलं, ते नवं न बसवता तसंच राहिलं. कोणी हात लावला नाही तरी उजवी फळी थरथरायची, मधेच वर सरकायची, चुकूनमाकून चेंडूही परतवायची. बटनाच्या आतली कार्बनची पट्टी झिजली असणार. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

तरी शाळेत शिकवून आलो की मी टीव्ही लावायचो, आणि आई सुपात तांदूळ घेऊन समोर बसायची. उजवी फळी हलली की खडे वेचणारा तिचा हात थांबायचा. एकदा म्हणाली, "हळू टाक न बापा. त्याले जमून नाही राहिलं."

मी खोक्यावरचा चेंडूच्या वेगाचा खटका खाली, हळूवर ओढला. 

वर्षश्राद्ध होताच मामा नवं यंत्र घेऊन आले. त्याला टाईपरायटरसारख्या कळा होत्या, खेळ कॅसेटवरून चढत. मामांनी ते पाटावर मांडून नारळ फोडला. जुनं खोकं ते बदल्यात नेणार होते. मला नवं हवं होतं. खरं तर मला त्या दुपारी संपायला हव्या होत्या.

"दुसरा गडी लागतच नाही बाई," मामा आईला समजावत होते. "तिकडून मशीन सोताच खेळते. चुकतच नाही."

"चुकतच नाही?"

"कधीच नाही."

आईनं एक कळ बोटानं दाबून पाहिली. "याच्यापरस भारी बी येईन न, भाऊ?"

"येईन तं! दरसाल येते."

"मंग थांबून जाऊ. काहून घाई?"

स्वतःच्याच सल्ल्यापुढे मामांचं काही चाललं नाही. खोबरं खाऊन ते यंत्रासकट परत गेले.

आईनं सूप पुढे ओढलं. "लाव," म्हणाली.

पडदा उजळला. उजवी फळी थोडी वर सरकली आणि थांबली. खटका खालीच होता. तरी चेंडू सोडण्याआधी मी तो पुन्हा चाचपून पाहिला.