बिनबाळाचं बाळंतपण

धुरपदाबाईचं दुखणं गावात कुणाला पटलंच नाही, कारण ते दिसत नव्हतं. पाय मोडला तर फळी बांधतात, देवी आल्या तर तोंडावर फोड येतात, दमा असला तर निदान चार घरांना ऐकू जातो. हिचं म्हणे काळीज सुजलं होतं. काळीज म्हणजे काय गाल आहे, दाढ दुखली की सुजायला?

झालं होतं असं. एकोणसत्तर सालच्या थंडीत बोरीकाठच्या त्या गावात ताप-खोकल्याची साथ आली. सगळं गाव कण्हलं, काढे प्यायलं आणि उठून कामाला लागलं. धुरपदाबाईही उठली. पण पुढे पंधरवड्यानं विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेतच बसली, ती उठेना. धाप थांबेना. पाय असे सुजलेले की जोडवी रुतली होती. नवरा झुलाल पाटील यानं तिला बैलगाडीनं अमळनेरला आणि तिथून एस.टी.नं धुळ्याला नेलं. डॉक्टरनं छातीला तारा लावून कागदाची पट्टी काढली, ती बराच वेळ पाहिली आणि झुलालला बाजूला घेतलं.

"तापाचं विष हृदयाच्या स्नायूत उतरलंय. सूज आहे. गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे पडून राहणं. तीन महिने. चूल नाही, झाडू नाही, पाणी नाही. परसाकडेसुद्धा चालत जायचं नाही. मीठ बंद. ऐकलं नाही तर हृदय सैल पडेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही."

झुलालनं घरी येऊन हे सगळं आईला, भिकुबाईला सांगितलं. भिकुबाई सत्तरीची, तोंडात दोन दात, त्या दोन दातांनी हरभरे खाणारी. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काम नही, मीठ नही. मंग जगीसन करी काय ती?"

म्हातारी दुष्ट नव्हती. सुनेला तिनं तीस वर्षं राबवलं होतं, पण तिलाही तिच्या सासूनं तसंच राबवलं होतं, त्यामुळे त्यात वैर असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक समाचाराला येऊ लागले. समाचाराला आलेला माणूस चहाशिवाय उठत नाही, आणि भिकुबाईचा चहा म्हणजे गुळाचं गढूळ पाणी. तो प्यायला लावला तर गावात काय बोलतील, या विचारानंच धुरपदाबाईला अंथरुणात घाम फुटायचा. मग ती उठायची, चूल फुंकायची, कपबशा विसळायची आणि पाहुण्यांना चहा देऊन स्वतःच्या आजाराची हकीकत सांगायची. शेजारची ताईबाई तर सकाळ-संध्याकाळ यायची. बशीत चहा ओतत म्हणायची, "रंग तं चांगला शे तुना. काय ते डाक्टर लोके, काहीबी सांगतस."

अशाच एका दुपारी ताईबाईची बशी ओठाला लागायला आणि धुरपदाबाई चुलीजवळ आडवी व्हायला एकच गाठ पडली. ओठ निळे, डोळे पांढरे. ताईबाई आणि भिकुबाईनं तिला ओढत बाजेवर आणून टाकलं. घटकाभरानं ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "दूध उतू गयं का?"

ताईबाई निघून गेली. भिकुबाई उंबऱ्यात बसून राहिली. ही बाई या घरात येऊन तीस वर्षं झाली, ही कधी निजली होती का, आणि निजली तेव्हा कुणी हिला हाक मारली नाही असं कधी झालं होतं का, याचा ती विचार करत होती. आठवलं. चार वेळा. चार बाळंतपणं, त्यांतली जगली एकटी झुंबर. पण पोर जगो की न जगो, सव्वा महिना धुरपदाबाई बाजेवरून उतरली नव्हती. तेव्हा तिला कुणी तांब्याभर पाणीही मागितलं नव्हतं.

सकाळी झुलाल उठून पाहतो तर बाज आतल्या खोलीत गेलेली. दाराला गोधडीचा पडदा. वर चौकटीला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला. बायकोच्या उशाखाली विळा, आणि ओवा-शेपांची धुरी घरभर.

"माय, हाई काय?"

"बाज."

"ती दिसस माले. पन लिंब काब्र खोचा?"

"वारं लागू नही म्हनीसन."

"कोनले?"

"ज्याले लागी त्याले. जाय, वावरात जाय."

थोड्या वेळानं ताईबाई आली. डहाळा पाहून साप दिसावा तशी उंबऱ्याबाहेरच थबकली. पडद्याकडे पाहिलं, धुरीचा वास घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अक्का, कव्हय व्हयनं?"

भिकुबाई सुपातली डाळ पाखडत राहिली. खोटं म्हणून ती एक अक्षर बोलली नाही, हे तिनं पुढे जन्मभर सगळ्यांना सांगितलं.

दुपारपर्यंत गावाला सगळा उलगडा झाला. पाय का सुजले होते? धाप का लागत होती? धुळ्याला दवाखान्यात कशाला नेलं होतं? एवढे दिवस ज्या दुखण्याचा अर्थ लागत नव्हता तो असा लख्ख लागला. बायकोच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, पोरगी लग्न होऊन सासरी गेल्यावर, झुलाल पाटलानं पराक्रम केला होता. आणि सोयर असलेल्या घरचं पाणी कोण पिणार? समाचार बंद, चहा बंद. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं माणूस पाऊल घालत नाही. धुरपदाबाई पहिल्यांदा दुपारची घोरली.

सगळा मार बसला तो झुलालवर. पारावरची माणसं त्याला पाहून मिशीत हसायची. पारसमलच्या दुकानात तो तेल घ्यायला गेला तर शेठनं गल्ल्यामागून हात जोडले.

"झुलालजी, आपण बरोबरीचे म्हणून बोलतो. आम्ही तर हे दुकान कधीच बंद केलं. तुम्ही काय खाता?"

"शेठ, तसं काही नाही."

"नाही कसं? लाजायचं काय त्यात?" असं म्हणत पारसमलनं फडताळातून एक पिवळं झबलं काढून त्याच्या हातात कोंबलं. "हे आमच्याकडून."

झबलं बंडीत लपवून झुलाल घरी आला आणि आईसमोर टाकलं. "लिंब काढ. माले गावात तोंड दाखाडाले जागा नही."

"तुनी लाज मोठी का तिना जीव?"

"मी काय म्हनस, लोकेसले खरं सांगू."

"सांग ना. सांग, काळीज सुजनं. तासभरमा बठ्ठी गल्ली चहा पेवाले आठे येई."

झुलालनं झबलं उचलून आत सारलं. पडद्याआड धुरपदाबाईनं झबलं हातात घेतलं, आपल्या सुजलेल्या पायाच्या अंगठ्यावर चढवून पाहिलं आणि हसत सुटली. हसता हसता धाप लागली. भिकुबाईनं झबलं हिसकावून घेतलं. "हासनं बी बंद. डाक्टर सांगाले इसरना."

दिवस असे चालले. गोळी खाल्ली की धुरपदाबाईला घटकेघटकेला लघवी लागायची. बाजेखाली घमेलं, आणि ते उचलायला सासू. पहिल्या दिवशी सून रडली. भिकुबाई म्हणाली, "रडू नको. रडाथून कमी व्हई का?" आठवड्यात दोघींना सवय झाली. चूल आणि विहीर म्हातारीकडे; अळणी भाजी, अळणी भाकरी. पायांची सूज उतरू लागली, जोडवी सैल झाली.

गावात मात्र बाळाचा शोध चालू होता. रडणं ऐकू येत नव्हतं, पाचवी झाली नव्हती, बारसं झालं नव्हतं, आणि चौकटीवरचा डहाळाही उतरला नव्हता. कुणी म्हणे पोरगी झाली म्हणून दडवतात. कुणी म्हणे अशक्त आहे, कापसात ठेवलंय. आणि ही बातमी गावाच्या शिवेत थांबणारी नव्हती. ती झुंबरच्या सासरी पोचली.

वैशाख लागला, आखाजी आली. लेकी माहेरी येण्याचा सण. झुंबर नवऱ्यासह आली ती तोंड फिरवूनच. नवरा ओट्यावर बसताच ती पडदा बाजूला सारून आत गेली. बाजेवर आई होती. बाळ नव्हतं.

"पोर कोठे शे?"

धुरपदाबाईनं सगळं सांगितलं. झुंबर हसली नाही. "माय, तुमनी गंमत व्हयनी. मनी सासू रोज काय म्हनस, माहीत शे? मायना पाळना हालना, आंडेरना हालत नही. जेवाना ताटवर म्हनस."

आंडेर म्हणजे लेक, आणि या लेकीच्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती.  धुरपदाबाई पाय बाजेखाली सोडून उठून बसली.

"कोठे?" भिकुबाईनं विचारलं.

"मांडा कराले. बठ्ठी गल्ली देखी, मी बायतीन नही."

बाळंतीण चुलीला शिवत नाही, आणि तिचे मांडे म्हणजे गल्लीची शान होती. पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरायची आणि पालथ्या खापरावर अशी टाकायची की सुरकुती पडू नये. आखाजीला आमरसाबरोबर तिचे मांडे खायला लोक निमित्तं काढून यायचे.

"डाक्टर काय म्हने?"

"त्याले आंडेर शे का?"

भिकुबाई उंबऱ्यात आडवी बसली. "जाय मंग. मना आंगवरथून जाय."

तीस वर्षांत जिनं सासूच्या सावलीवर पाय दिला नव्हता ती सासूला ओलांडून अंगणात गेली.

चूल पेटली, खापर तापलं. गल्लीतल्या बायका येऊन भिंतीला टेकल्या. ताईबाईची नजर धुरपदाबाईच्या पोटावरून छातीवर आणि छातीवरून पोटावर फिरत होती. पहिला मांडा झकास पडला. दुसरा हातांवर फिरत असताना धुरपदाबाईचे हात वरच्या वर थांबले. मांडा घसरून राखेत पडला. तिनं तोंड उघडलं, पण श्वास आत जाईना. ओठ जांभळासारखे झाले होते. झुंबरनं हे कधी पाहिलं नव्हतं. आईला तिनं आणि झुलालनं उचलून बाजेवर नेलं. झुंबरचा हात आईच्या छातीवर पडला तेव्हा आत काहीतरी पिशवीत कोंबलेल्या कोंबडीसारखं फडफडत होतं.

ते शांत व्हायला वेळ लागला. झालं तेव्हा झुंबर बाहेर आली. हात पिठानं भरलेले. बायका तशाच उभ्या.

"काय व्हयनं वो तिले?" ताईबाई म्हणाली.

झुंबरनं एकदा ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "बायतीनले काय व्हस? वारं लागनं. जा बरं बठ्ठ्या. आनि मी सांगत नही तवलोंग कोनी येऊ नका."

"मंग पोर कोठे शे?"

"मी शे ना," झुंबर म्हणाली आणि खापराजवळ बसली.

तिचे मांडे धुळे जिल्ह्याच्या नकाशासारखे झाले. जावयानं आमरस फार घेतला. सण झाल्यावर तो एकटाच परत गेला. झुंबर वैशाख संपेपर्यंत राहिली. सासरहून दोन निरोप आले. दुसऱ्या निरोपाला तिनं उलट निरोप धाडला की बाळंतपण करायला आले आहे, आटोपलं की येईन.

जेठात झुलाल बायकोला धुळ्याला घेऊन गेला. डॉक्टरनं पुन्हा तारा लावल्या, पट्टी काढली, जुन्या पट्टीशेजारी धरली.

"उतरली सूज. शाबास. आमच्याकडच्या बाया पडून राहत नाहीत, तुम्ही कशा राहिलात?"

धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसली. झुलालनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"आता हळूहळू उठायचं. बसून स्वयंपाक चालेल. पण वर्षभर ओझं नाही, मांडेबिंडे नाही, पाणी भरायचं नाही."

"साहेब, मग पाणी कोण आणील?" झुलालनं विचारलं.

डॉक्टरनं त्याच्या दंडाकडे पाहिलं, खांद्याकडे पाहिलं. "तुम्हाला काही सूज आहे का?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी झुलाल हंडा घेऊन विहिरीवर गेला. विहिरीवर पुरुष म्हणून दुसरा कुणी नव्हता. दोर सोडायचा रहाट एकच, आणि बायांची रांग लागलेली. रांगेतून खुसखुस सुरू झाली. तीन महिन्यांपूर्वी तो तिथूनच माघारी गेला असता.

"झुलालभाऊ, चुंबळ देऊ का?" ताईबाई म्हणाली. "डोकं दुखी तुमनं."

"दे," झुलाल म्हणाला. "आनि मांगे सरक. मना घर बायतीन शे."

बाया सरकल्या. त्यानं हंडा भरला, चुंबळीवर ठेवला आणि डुगडुगत निघाला. घरी पोचेपर्यंत धोतर कमरेपासून भिजलं होतं. धुरपदाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं हंड्यात डोकावून पाहिलं.

"इतलंसं? इतलामा तं डाळ बी शिजाव नही."

झुलालनं ते पाणी रांजणात ओतलं, हंडा काखेत मारला आणि पुन्हा विहिरीची वाट धरली.