औदुंबरामागची भिंत

देव माझ्यावर रागावला आहे, अशी त्या दिवसांत माझी जवळजवळ खात्रीच झाली होती. नाहीतर त्याच्याच दारात, त्याच्याच भोवती फिरताना माझ्या छातीत का दुखावं? घरी बसलो तर काही नाही. जेवलो तर काही नाही. झोपलो तर उलट घोरतो म्हणून हिची तक्रार. पण औदुंबराला प्रदक्षिणा घालायला लागलो, की थोड्या वेळाने छातीच्या मधोमध कुणीतरी भरलेलं पोतं टेकवल्यासारखं व्हायचं. डावा जबडा जड पडायचा. खाली बसलं की चार-पाच मिनिटांत सगळं गायब. मग पुन्हा उठायचं, भीत भीत पावलं टाकायची आणि मनातल्या मनात विचारायचं, महाराज, माझं कुठे चुकलं?

पोत्याचं उगाच म्हणत नाही. मी मूळचा साताऱ्याकडचा. वाशीच्या घाऊक बाजारात तीस वर्षं कांद्याबटाट्याची पोती पाठीवर वाहिली. अंगात रग आणि तोंडात मिजास. ‘आपल्याला काय धाड भरलीय?’ हे माझं कायमचं पालुपद. बाजार सोडून नेरूळला घरी बसलो, तरी मिजास काही सुटली नाही.

प्रदक्षिणांचं कारण माझी नात. लेक आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोर एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाहेर उभं राहून मी दत्तमहाराजांना नवस बोललो, हिला घरी आणा, एक्केचाळीस दिवस रोज एकशे आठ प्रदक्षिणा घालीन, एकही कमी करणार नाही. पोर घरी आली, दूध प्यायला लागली, आणि मी नवस फेडायला घेतला. आठवडाभर अगदी मजेत गेला. मग हे दुखणं सुरू झालं. नवस मोडला तर त्याचं वाईट पोरीवर येईल, या भीतीपुढे छातीतल्या दुखण्याचं मला काहीच वाटेना. म्हणून दाबून नेलं. कुणाला चकार शब्द बोललो नाही.

फेऱ्या मोजायची माझी पद्धत बाजारातली. आम्ही गाडी खाली करताना पोत्यामागे एक रेघ खडूने भिंतीवर ओढायचो, चार उभ्या आणि पाचवी आडवी. जिथे दम खायला बसलो, तिथे एक शून्य काढायचं. कामात खोटेपणा नको म्हणून ते शून्य. औदुंबराच्या पारामागे पत्र्याच्या आडोशाला एक सिमेंटची भिंत आहे, तिच्यावर मी तसंच लिहीत गेलो. रोजची एक ओळ. पुजाऱ्यांनी एकदा कपाळाला आठ्या घातल्या, पण नातीसाठी एक्केचाळीस दिवसांचा नवस आहे म्हटल्यावर मान डोलावून गेले.

एक दिवस सोसायटीची लिफ्ट बंद पडली. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभा राहिलो, ते हिने पाहिलं आणि माझं बिंग फुटलं. मुलाने त्याच संध्याकाळी ते ‘फुल बॉडी’ का काय म्हणतात ते बुक केलं. रक्त घेतलं, पलंगावर आडवं पाडून ईसीजी काढला. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, ईसीजी नॉर्मल. मी तर घरभर मिरवलं! ‘बघा, घोड्यासारखं काळीज आहे. गॅस आहे नुसता.’ ओवा चावला आणि मोकळा झालो. पण सोसायटीत डॉक्टरांना तोटा आहे का? एक म्हणे पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करा, दुसरा म्हणे ते सीटी स्कॅन काढा, तिसरा म्हणे थेट अँजिओग्राफी, चौथा म्हणे त्यांच्या नादी लागलात तर संपलात. मुलाने पुढच्या आठवड्यात स्ट्रेस टेस्ट ठरवली. मी सांगितलं, आधी नवस पुरा होऊ दे, मग मला कुठेही पळवा.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी ही माझ्यावर पाळत ठेवायला देवळात आली. देवळाच्या दाराशी एक म्हातारी फुलं विकायला बसते, इथल्याच जुन्या गावठाणातली. सगळे तिला मावशी म्हणतात. इतक्या दिवसांत तिच्याकडून तुळस घेण्यापलीकडे माझं तिच्याशी बोलणं नव्हतं. त्या दिवशी ती टोपली सोडून उठली, आणि थेट हिचा हात धरून तिला भिंतीपाशी घेऊन गेली.

‘बाय, ह्यो मानूस तुजा ना? मंग ह्यी भिंत बघ. दर गुरुवारी मीच पार धुतंय, पन ह्यी भिंत पुसली नाय. हिकडं पयल्या वळीत येक पन शून्य नाय. मंग साठ फेऱ्यांवर शून्य. मंग चालीस. मंग पंचवीस. आन काल अकरावर. बसत बसत पुरं करतोय ह्यो. मना वाचता येत नाय, पन येवढं कलतंय का ह्यो मानूस दिवसादिवसाला कमी व्हत चाललाय.’

मी स्वतः रोज लिहीत होतो, पण रोज फक्त त्या दिवसाची ओळ बघत होतो. पूर्ण भिंत मी कधी पाहिलीच नव्हती. त्या सकाळी पाहिली, वरपासून खालपर्यंत. मोबाइल काढून हिने भिंतीचा फोटो घेतला, आणि रिक्षा थांबवली.

हृदयाच्या डॉक्टर म्हणजे आमच्या लेकीच्या वयाची मुलगी. मी मोठ्या ऐटीत नॉर्मल ईसीजी पुढे केला. तिने तो पाहिला आणि बाजूला ठेवला. मग हिने फोटो दाखवला.

‘काका, ही शून्यं कसली?’

सांगितलं. तिने खोदून खोदून विचारलं. बसल्यावर किती वेळात थांबतं? जबड्यात जातं का? बसल्या जागी कधी दुखलं का? मग ती म्हणाली, ‘ईसीजी तुम्ही आडवे असताना काढलाय, आणि आडवे असताना तुम्हाला काही होतच नाही. तो नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नसतं. आणि स्ट्रेस टेस्ट तर तुम्ही रोजच करून बसलाय, काका. या भिंतीवर तिचा रिपोर्ट आहे. इतक्या झपाट्याने कमी चालण्यात दुखायला लागलेल्या माणसाला मी पट्ट्यावर चढवणार नाही. आजच ॲडमिट व्हा. रक्ताची एक तपासणी, इको, आणि मग अँजिओग्राफी.’

मी हात जोडले. म्हटलं, ‘मॅडम, पंधरा दिवस द्या. नवस आहे नातीचा.’ त्यावर डॉक्टर काही बोलायच्या आत हीच कडाडली, ‘अहो, देवाने नात दिली ती आजोबाशिवाय वाढवायला का?’ तीस वर्षं पोती उचलणारा मी, त्या खुर्चीत लहान पोरासारखा रडलो. आयुष्यात पहिल्यांदा काम अर्धं टाकत होतो, आणि तेही देवाचं. डोळे मिटून एवढंच म्हणालो, महाराज, राहिलेलं आता तुमचं तुम्ही बघा. आणि खरं सांगतो, इतक्या दिवसांत प्रथमच जिवाला हलकं वाटलं.

मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली. हृदयाची पुढची मुख्य नस जवळजवळ बुजलेली, रक्ताला जेमतेम दोऱ्याएवढी वाट. त्याच वेळी स्टेंट घातला. डॉक्टर बाहेर येऊन हिला म्हणाल्या, ‘अटॅक आलेला नाही, स्नायू अगदी शाबूत आहे. वेळेवर आलात.’ तिसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. पोतं नव्हतं! परत आलो, पुन्हा गेलो. नर्स ओरडली तेव्हा थांबलो.

देवळात जायची परवानगी महिन्याभराने मिळाली. घरातून निघताना मनात धाकधूक होती, नवस अपुरा ठेवून देवाला तोंड कसं दाखवायचं? पारामागे गेलो आणि पाहतच राहिलो. माझ्या अकरावरच्या शून्याखाली ओळी पुढे गेल्या होत्या. काही रेघा तिरक्या, काही थरथरत्या, काही चक्क कुंकवाच्या बोटांनी ओढलेल्या. मी ओळी मोजल्या. एक्केचाळिसाला एकच कमी.

मावशी टोपलीपाशी बसल्या जागेवरून म्हणाली, ‘माजं गुडघं नाय चालत. मी अकराच घालायचे. बाकी सकाली येनाऱ्या बायांनी वाटून घेतल्या. पुजाऱ्यांनी समदं सांगितलं, नातीचं काम हाय ना? शेवटचा दीस तुमाला ठेवलाय, दादा.’

त्या बायांची नावं मला आजही माहीत नाहीत. मी नवस एकट्याच्या जोरावर बोललो होतो, माझ्या पायांच्या मस्तीत. आणि महाराजांनी तो फेडून घेतला तो अनोळखी बायांच्या पायांनी. मला परत दिला जीव, नातीला ठेवला आजा. मी पुढे होऊन मावशीच्या पाया पडलो, तर ती फिसकन हसली, ‘आता उटा, फेऱ्या घाला, मना गिऱ्हाईक हाय.’

सावकाश चालायला लागलो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलता येईल इतक्याच गतीने चाला. म्हणून नाम घेत चाललो. अकरावी फेरी आली तेव्हा आपोआप हात छातीकडे गेला. छाती शांत. बारावी आली. माझ्या तोंडातून ‘दिगंबरा!’ असं काही जोरात निघालं, की कावळे उडाले. मग चालतच राहिलो. डोळ्यांतून पाणी, तोंडात नाम, आणि खिशात खडू तसाच. कधी थांबलो ते मला कळलं नाही. ही पारावर बसून रडत होती आणि हसत होती.

भानावर आलो तेव्हा भिंतीकडे पाहिलं. त्या दिवसाची एकही रेघ ओढली नव्हती. घाईघाईने मावशीकडे गेलो, ‘मावशी, किती झाल्या हो? तुम्ही तरी मोजल्यात का?’

तिने तुळशीची जुडी माझ्या हातात दिली. म्हणाली, ‘मी नाय मोजल्या. तुमी बसला नाय, येवढं बघितलं.’