तांदळातलं नाव

अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात मी काही वर्षं ऑपरेशन थिएटरात पेशंटना भूल देत होते; तिकडे हे काम नर्सही करतात. त्याचं शिक्षण तिकडेच घेतलं होतं, देशपातळीवरची परीक्षाही पास झाले होते. पण नर्सनं राज्य बदललं की तिथल्या, परवाना देणाऱ्या नर्सिंग बोर्डाच्या लेखी ती कालची पोर. नवऱ्याला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, आम्ही बिऱ्हाड हलवलं आणि माझं काम बंद पडलं.

बोर्डाचं म्हणणं, भूल देण्याचं सर्टिफिकेट एका बाईचं आणि महाराष्ट्रातला नर्सिंगचा डिप्लोमा दुसऱ्याच बाईचा. खोटं तरी कसं म्हणू? डिप्लोमावर माझं माहेरचं नाव होतं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले गेले, आणि आडनावाबरोबर माझं नावही गेलं. बोर्डाच्या काउंटरवरच्या बाईला हे सांगितलं, तर तिनं विचारलं, याची कोर्टात नोंद कुठे आहे? तांदळाची नोंद कोण ठेवतं? ती बाई वाईट नव्हती, म्हणून तर मला जास्तच राग आला.

ट्रॉयला नवऱ्याच्या साक्षीवर भागलं होतं, इथे ती चालत नव्हती. दोन्ही नावांनी ओळखणारं रक्ताचं माणूस हवं होतं. असं माणूस अख्ख्या अमेरिकेत नव्हतं. इथल्या ज्या हॉस्पिटलात नोकरी ठरली होती, त्यांनी माझी जागा इथला उन्हाळा संपेपर्यंतच, म्हणजे सप्टेंबरपर्यंतच, धरून ठेवली होती. मी आईला लिहिलं, कोर्टात जाऊन शपथेवर सांग, ही दोन्ही नावं माझ्याच मुलीची.

ऑगस्ट सरता सरता तिचं प्रतिज्ञापत्र आलं, शिक्क्यांसकट. त्यात सासरचंच नाव होतं. माहेरचं एकदाही नाही.

आईकडे फोन नव्हता, म्हणून मी तिच्या शेजाऱ्यांकडे लावला. आई तिथे येऊन बोलली. "अगं, जावईबापूंनी हौसेनं ठेवलेलं नाव. ते असताना जुनं नाव कोर्टात मिरवायचं? बरं दिसतं का ते?" मी समजावलं, मग चिडले. पुन्हा कोर्ट, पुन्हा टपाल. तोवर जागा जाणार हे दिसतच होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"आई, निदान एकदा मला जुन्या नावानं हाक मार."

मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "जवळ जावईबापू आहेत का गं?"