पौडच्या केंद्रातली पोरं आणि पेशंट

मी ऑक्युपेशनल थेरपी शिकवते. आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत, हे आमचं काम. वर्गात पोरं एकमेकांनाच पेशंट करून सराव करतात, सगळं बिनचूक जमतं. मग मी त्यांना पुण्याबाहेर, पौडजवळच्या उपचार केंद्रात नेते, आणि तिथं वर्गातलं काही चालत नाही. किस्से साठतात ते असे.

रोहनच्या पहिल्या पेशंट एक आजी. उजवी बाजू लुळी पडलेली. त्यानं डाव्या हातात चमचा दिला, तर आजींनी तो खाली ठेवला.

"डाव्या हातानं खाऊ? त्यापरीस उपाशी मेलेली बरी."

पुढच्या खेपेला रोहन डबा घेऊन आला आणि त्यांच्यासमोर डाव्या हातानं जेवला. अर्धा भात शर्टावर.

आजी म्हणाल्या, "आण हिकडं. तुझ्यापरीस बरं खाईन मी."

भुकूमच्या एका काकांचा खांदा धरला होता. सायलीनं वर्गात घोकलेला प्रश्न विचारला, "कोणतं काम पुन्हा करायला आवडेल?"

"पोरी, जमीन इकली. काम कुटलं?"

"मग सकाळी उठून काय करता?"

"बांधावर जातो. आता तितं बिल्डिंग हाय. वॉचमन आत सोडत न्हाई."

सायली पुढचे प्रश्न विसरली.

मेंढरं राखणाऱ्या एकांची लकव्यानं वाचा गेलेली. रोहन त्यांना शर्टाचं बटण लावायला शिकवत होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला राहवेना. तिनं पुढं होऊन भराभर बटणं लावायला घेतली.

"सोड," ते म्हणाले.

आजारानंतरचा पहिला शब्द. बाई रडायला लागली, आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून परत बटणाला हात घालायला लागली.

आणि रिहे गावात एकटे राहणारे आजोबा. लकव्यानंतर भुकूमला राहणाऱ्या मुलानं त्यांना स्वतःच्या घरी नेलं होतं. दर खेपेला तोच घेऊन यायचा. सायलीनं जीव तोडून मेहनत घेतली, पण आजोबांची मूठ उघडेना.

एकदा मुलगा गाडी लावायला गेला होता. आजोबांनी त्याच हातानं चहाचा कप उचलला, नीट प्यायला आणि खाली ठेवला. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"त्याला सांगू नका," ते म्हणाले. "बरा झालो म्हटलं की मला परत रिह्याच्या घरात एकटा सोडंल."

तेवढ्यात मुलगा आत आला. आजोबांची मूठ मांडीवर बंद होती.

"काही फरक?" त्यानं विचारलं.

सायलीनं माझ्याकडं पाहिलं.

"वेळ लागेल," ती म्हणाली.

"लागू द्या," मुलगा म्हणाला, आणि खाली बसून वडिलांच्या पायात चप्पल घालू लागला.