हार घालता येणार नाही असं स्मारक

वडिलांचा पुतळा कॉलेजात बसवायचा की नाही, यावरून दोन तट पडले तेव्हा माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि ज्यांचा पुतळा व्हायचा होता ते माझे वडील घरी ठणठणीत बसून दुसऱ्यांदा चहा मागत होते.

वडील फौजेत होते, एकाहत्तरची पूर्वेकडची लढाई लढून आले. मग खानदेश सोडून सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाले आणि आम्ही सिल्वासाचेच झालो. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून कॉलेजच्या मैदानावर पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पहाटे पळवू लागले. पैसे घेत नसत, ओरडा मात्र सढळ हाताने देत. त्यातली बरीच पोरं भरती झाली आणि त्यांनीच पुतळ्याची टूम काढली.

विरोध करणारेही काही वाईट नव्हते. इतिहासाचे सर म्हणाले, विद्येच्या आवारात बंदुकीचा मान कशाला? जवळच्या अथाल गावच्या आदिवासी मुलांनी विचारलं, पहिला पुतळा बाहेरून आलेल्याचाच का, या मातीत कुणी झालंच नाही का? मला मुलांचं पटत होतं, पण बोलायची सोय नव्हती. पुतळा नको म्हटलं तर घरभेदी, हवा म्हटलं तर बापासाठी वशिला लावणारी. मी मुकाट्याने प्रयोगशाळेत टेस्ट ट्यूब विसळत राहिले.

वडिलांना मात्र पुतळा हवा होता, अगदी मनापासून हवा होता. सामरवरणीच्या आमच्या सोसायटीत ते ‘पार्किंगवाले काका’ म्हणून प्रसिद्ध, कारण गाडी आडवी लावली की ते खाली उतरून भांडत. आपण कोण होतो हे लोकांना एकदा कळावं, एवढीच त्यांची हौस. मिशीला कलप लागला. आरशासमोर चेहऱ्याची डावी बाजू बरी की उजवी, याची पाहणी सुरू झाली. मला हसू येई आणि त्यांच्याबद्दल मायाही वाटे.

एका संध्याकाळी पोरं मूर्तिकाराला द्यायला वडिलांचा फोटो न्यायला आली. त्यातला एक उत्साहाने म्हणाला, दर पंधरा ऑगस्टला पुतळ्याला मोठा हार घालू. आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाहेर आली.

“मना धनी जित्ता शे,” ती म्हणाली. “त्याले हार घालानी तुमले इतली घाई कसाले?”

पोरं हसली. आई हसली नाही. मग तिने आम्हा भावंडांनाही कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. लढाईच्या दिवसांत वडील गेल्याची चुकीची बातमी गावात आली. भाऊबंदांनी त्यांच्या फोटोला हार घातला. आई तेव्हा नवी नवरी. ती सगळ्यांदेखत स्टुलावर चढली, हार ओढून काढला आणि गोठ्यात म्हशीपुढे टाकला. पोरीला वेड लागलं, असं सासरचे म्हणाले. पुढे वडील स्वतःच्या पायांनी चालत घरी आले.

“एक डाव काढेल शे मी तो हार,” आई म्हणाली. “आते माले स्टूलवर चढता येत नही.”

वडिलांनी पोरांसाठी काढून ठेवलेला फोटो परत कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते मला न सांगता प्राचार्यांना भेटले. पुतळा नको, म्हणाले, ज्याला हार घालताच येणार नाही असं काहीतरी लावा.

मैदानाच्या कडेला पुल-अप्स काढायचे लोखंडी बार बसले आणि खांबाला त्यांच्या नावाची लहानशी पाटी. इतिहासाच्या सरांची हरकत संपली. पुतळ्याची जागा मात्र आमच्यातल्या माणसासाठी राखून ठेवा, असं अथालच्या मुलांनी बजावलं आणि बारला सर्वांत आधी तीच लटकली.

उद्घाटनाला प्राचार्य सवयीने झेंडूचा भलामोठा हार घेऊन आले. बारकडे वर बघितलं, खाली बघितलं, आणि शेवटी तो वडिलांच्या गळ्यात घातला. सत्काराचा हार आपण लगेच स्वतःच उतरवतो. वडिलांनी उतरवला नाही. ते पहिल्या रांगेत बसलेल्या आईपुढे गेले आणि मान तिच्या हाताला लागेल इतकी खाली वाकवली.

“काढ,” ते म्हणाले. “आते स्टूल लागत नही.”

आईने दोन्ही हातांनी हार काढला, म्हैस कुठे दिसते का म्हणून उगाच इकडेतिकडे पाहिलं, आणि एवढ्या लोकांदेखत पोटभर हसली.