चवळीच्या डब्यासाठी आरेला

लोकांना सहलीला निघायला डोंगर नाहीतर समुद्र लागतो, मला चवळीच्या डब्यातले भुंगे पुरले. सासूबाई गावच्या लाल चवळीचं बियाणं दरवर्षी आमच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये जपतात आणि पेरणीआधी दिराबरोबर कोकणात धाडतात. ही चवळी आता गावात दुसऱ्या कुणाकडे उरलेली नाही. यंदा डबा उघडला तर दाण्यांना भोकं. दुकानदाराने गोळ्या सुचवल्या, पण झोपायच्या खोलीत विष नको यावर सासूबाई ठाम. त्यांना हवा होता निर्गुडीचा पाला. आमच्या सोसायटीत शोभेची झाडं ढीगभर, निर्गुडी कुठली असायला?

ऑफिसातली कल्पना म्हणाली, "माझ्या माहेरी दारातच आहे गं, चल ना." तिचं माहेर आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर.

रविवारी सकाळीच बस धरली. आरेत आतल्या बस सुट्टीच्या दिवशी तंगवतात, म्हणून पाणी आणि चालायच्या चपला हव्यातच. गोठे मागे पडले की रस्ता झाडांत शिरतो आणि मुंबईचा आवाज चक्क बंद होतो. मला फार बरं वाटलं.

कल्पनाच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. जेवून मी झुडपाकडे वळले आणि हिरव्या डहाळ्या पिशवीत कोंबू लागले. घरी गेल्या गेल्या डब्यात घालायच्या होत्या. त्यांनी माझा हात धरला.

"ओला पाला घातलास तर बुरशी धरेल. सावलीत वाळवावा लागतो."

माझं तोंड उतरलं. तेवढे दिवस कुठून आणायचे? दीर दोन दिवसांनी निघणार होता. त्या आत गेल्या, स्वतःच्या तांदळाच्या कणगीतला कडकडीत वाळलेला पाला काढून आणला आणि माझ्या पिशवीत ओतला. "मी परत वाळवीन," म्हणाल्या. मी पाया पडले.

घरी आल्यावर आम्ही चवळीला गच्चीवर ऊन दाखवलं. भुंगे पळाले. ते परत येऊ नयेत म्हणून निवडलेल्या दाण्यांत पाला मिसळला. ओल्या फडक्यात बांधलेल्या चार दाण्यांना निघायच्या सकाळी मोड दिसले, तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले.

डबा दिराकडे देण्याआधी त्यांनी त्यातली ओंजळभर चवळी एका पुरचुंडीत बांधून माझ्या हातात ठेवली.

"ह्यां कल्पनाच्या आवशीक दी. तिका म्हणावां, दारात पेर. आमचां बियाणां कधी गेलां, तर मागूक एक घर व्हयां."